पाल हाही पंचेंद्रिय जीवच



चातुर्मास लागला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या घराघरांत दोन पाहुणे न सांगता येतात. एक पावसाळी किडे आणि दुसरी त्यांच्या मागोमाग येणारी पाल. आमच्याकडे पाऊस हात राखूनच पडतो, पण एखादी चांगली सर झाली तरी संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पाखरं जमतात आणि पट्टीच्या मागून एक डोकं हळूच बाहेर येतं. मग घरात आरडाओरडा, झाडू, आणि "अगं मारू नका, मारू नका" असा माझा आवाज. आज या पालीवरच लिहिते आहे. विषय वाचून काही जणी नाक मुरडतील, पण शेवटपर्यंत वाचा.

पालीइतका बदनाम प्राणी आपल्या घरात दुसरा नाही. उंदराला निदान गणपतीचं वाहन म्हणून मान आहे. पालीच्या वाट्याला काय? मनात संशय आला तरी आपण म्हणतो, शंकेची पाल चुकचुकली. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं, डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय. दक्षिणेत मात्र तिचं नशीब वेगळं आहे. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे, आणि लोक रांगेत उभे राहून त्यांना हात लावतात. म्हणजे तोच जीव एका गावात अपशकुन आणि दुसऱ्या गावात पुण्य. माझ्या सासूबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांचं एक वाक्य पक्कं होतं: "आपलं बरंवाईट आपल्या कर्मानं होतं, त्या बिचारीच्या अंगात एवढी ताकद असती तर ती आपल्या झाडूला कशाला भ्याली असती?"

आपल्या धर्मात जीवांची विभागणी इंद्रियांवरून केली आहे. पाणी, माती, वनस्पती हे एकेंद्रिय. अळी, शंख हे दोन इंद्रियांचे. मुंगी, ढेकूण तीन इंद्रियांचे. माशी, डास, पतंग चार इंद्रियांचे. आणि पाल पंचेंद्रिय, म्हणजे इंद्रियांच्या हिशेबात ती गाय, हत्ती आणि आपण यांच्याच रांगेत बसते. जीवविचार शिकताना जमिनीवर चालणाऱ्या तिर्यंचांचे तीन प्रकार आम्ही पाठ केले होते: चार पायांचे ते चतुष्पद, पोटावर सरकणारे ते उरपरिसर्प, आणि हातांच्या, भुजांच्या आधाराने चालणारे ते भुजपरिसर्प. मुंगूस आणि पाल या तिसऱ्या गटात येतात. लहानपणी हे नुसतं घोकलं होतं. पण पालीला भिंत चढताना नीट पाहा, ती खरंच हातांनी चालते. एक पंजा टेकवते, उचलते, दुसरा टेकवते.

त्या पंजाची गंमत माझ्या भाचीने मला समजावली. ती माझ्या बहिणीची मुलगी, कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकते. मला वाटायचं पालीच्या पायाला काहीतरी चिकट असतं. तसं अजिबात नाही. बोटांच्या तळाशी लाखो अतिसूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी फाटे असतात. ते भिंतीच्या इतके जवळ जातात की दोन पदार्थांच्या कणांमधली साधी ओढच तिला धरून ठेवते. डिंक नाही, चिकटा नाही. म्हणून ती छताला उलटी चालते आणि पाय कोरडा राहतो. डोळ्याला पापणी नाही, म्हणून ती स्वतःच्या जिभेने डोळा पुसते. शेपटी तुटली तरी नवी येते, पण नव्या शेपटीत हाड नसतं, कूर्चा असते. आपल्या घरातल्या पालीला विष नसतं. दुधात पाल पडली तर ते दूध टाकायचंच, कारण तिच्या अंगावरून पोट बिघडवणारे जंतू अन्नात जाऊ शकतात. पण पाल विषारी असते हा समज खोटा आहे.

आता जे सांगायचं आहे ते गेल्या वर्षीचं. आमच्या स्वयंपाकघराचं फर्निचरचं काम चाललं होतं. कारागिरांपैकी कुणीतरी उंदरांसाठी सिंकखाली चिकट पॅड ठेवला आणि आम्हाला सांगायचं राहून गेलं. रात्री सामायिक आटोपून मी पाणी उकळून ठेवायला गेले, तर खालून खरखर आवाज. वाकून पाहिलं. एक पाल पॅडवर पोटाने चिकटली होती. चारही पंजे, हनुवटी, सगळं. ज्या पंजाला चिकटा लागत नाही तो पंजा चिकट्यात अडकला होता. धडपडीत तिने शेपटी टाकली होती आणि ती शेपटी शेजारीच वळवळत होती.

आमच्या सूनबाई पुण्याच्या. त्यांना पालीची भयंकर भीती, आणि ती भीती खोटी नाही, अंगावर शहारे येतात त्यांच्या. त्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "शेंगदाण्याचं तेल द्या मला, आणि बॅटरी धरा." ओढून काढलं असतं तर कातडी सोलली गेली असती. म्हणून कापसाच्या वातीने थेंब थेंब तेल तिच्या कडेकडेने सोडत गेले. तेलाने तो चिकटा हळूहळू सैल होतो. आधी हनुवटी सुटली, मग एक हात. चाळीस मिनिटं लागली. सूनबाईंचा हात थरथरत होता, पण बॅटरी त्यांनी खाली ठेवली नाही. शेवटचा पाय सुटल्यावर पाल तशीच पडून राहिली. मऊ कपड्याने तेल टिपलं आणि मागच्या अंगणातल्या भिंतीपाशी तिला ठेवलं. बऱ्याच वेळाने ती सरकली आणि पाइपच्या मागे गेली. सूनबाईंनी तो पॅड स्वतः उचलला, वर तेल ओतून, कागदात गुंडाळून टाकला आणि दुसऱ्या दिवशी कारागिरांना सांगितलं, "असलं काही या घरात आणायचं नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सामायिकाआधी आपण जो इरियावहिया म्हणतो, त्याचा अर्थ डोळ्यांपुढे येत राहिला. जाता येता माझ्याकडून जीवांना कोणकोणता त्रास झाला याची त्यात यादी आहे. एका इंद्रियापासून पाच इंद्रियांपर्यंत सगळे जीव त्यात आले. आणि त्रासाचे प्रकार किती! समोरून आपटणं, धुळीने झाकणं, जमिनीशी घासणं, एकावर एक गोळा करणं, घाबरवणं, जिवे मारणं. मी बी. कॉम. झालेली बाई, यादी दिसली की तपासत बसायची सवय. या यादीत शेवटाकडे एक कलम आहे ज्याकडे माझं कधी फारसं लक्ष गेलं नव्हतं: एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकणं. मारणं नाही, जखम करणं नाही. नुसतं जागेवरून हलवणं. तेही मारण्याच्याच यादीत.

मनात आलं, आपण तर हे दया म्हणून करतो. पाल डब्यात धरायची, स्कूटरवरून दूर माळावर नेऊन सोडायची आणि पुण्य केलं म्हणायचं. पण घरातली पाल माळावर काय करणार? तिची फट तिला माहीत, तिचा दिवा तिला माहीत. परक्या ठिकाणी कावळा आहे, ऊन आहे, आणि तिथली जागा आधीच दुसऱ्या पालीने धरलेली आहे. पाली चुकचुकतात त्यामागचं एक कारण हेच, ही जागा माझी असं एकमेकींना सांगणं.

या कलमाचा पुरता अर्थ मला यंदा माघात कळला. आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला गेलो होतो. आम्ही स्थानकात जाणारे, पण तीर्थाला नाही कसं म्हणायचं? डोंगरावरची ती उभी मूर्ती डोळे भरून पाहिली. ध्यानात उभे असताना बाहुबलींच्या अंगावर वेली चढल्या, पायांशी वारुळं झाली, तरी ते हलले नाहीत, ही कथा आपल्याला माहीत आहेच. तिथून भाचीने आम्हाला दाजीपूरला नेलं. राधानगरी तालुक्यातलं हे जंगल 1958 साली अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोक तिथे गवे पाहायला जातात. आमच्या ह्यांनाही गवाच पाहायचा होता. भाची मात्र म्हणाली, "मावशी, तुला मी तुझ्या ओळखीचं कुणीतरी दाखवते."

सकाळची वेळ होती. झाडांखाली वाळक्या पानांचा थर, आणि वनखात्याचा वाटाड्या पुढे. भाचीने मला एका दगडावर बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. सामायिकाची सवय असल्याने मला ते जड गेलं नाही. बऱ्याच वेळाने पानांत काहीतरी हललं. माझ्या करंगळीपेक्षा लहान, पानाच्याच रंगाची एक पाल. ती एका कवडशात आली आणि तिच्या अंगावरून निळसर जांभळी झाक सरकली, तांब्याच्या भांड्याला चिंच लावून धुतल्यावर पाण्याचा पापुद्रा चमकतो तशी. मग ती पानाखाली गेली. सगळं मिळून पाच-सहा सेकंद.

भाची कुजबुजली, "कोल्हापूरच्या नावाची पाल, मावशी. निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. तीच असावी. हातात घेतल्याशिवाय खात्री नाही सांगता यायची, आणि हातात तर घ्यायची नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे."

या पालीचं शास्त्रीय वर्णन 2009 साली प्रसिद्ध झालं. वरद गिरी, अमेरिकेतले ॲरन बाऊअर आणि गायकवाड या तिघांनी ते केलं. विचार करा, छत्रपतींचं संस्थान, शाहू महाराजांचं धरण, अभयारण्याची पन्नास वर्षं, हे सगळं होऊन गेलं आणि ही पाल पानांखाली नाव नसलेलीच राहत होती. ती आपल्या घरातल्या पालीहून बरीच वेगळी. आपली पाल रात्रीची, तिच्या डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी. या गटातल्या पाली बहुतेक दिवसा फिरणाऱ्या, त्यांची बाहुली गोल. भिंतीला धरून ठेवणारी रुंद गादी त्यांच्या बोटांना नाही, बोटं बारीक आणि वाकडी, नखांनी धरणारी. दाजीपूरची ही पाल तर जमिनीवरच, पालापाचोळ्यात राहणारी.

भाचीने पुढे जे सांगितलं त्याने मी थक्क झाले. सह्याद्रीत अशा पाली डोंगरागणिक बदलतात. साताऱ्याजवळच्या कासला एक आहे, तिचं नाव 2014 साली वरद गिरींच्याच सन्मानार्थ निमास्पिस गिरीआय असं ठेवलं. आंबोलीला आणखी एक, पोटाला पिवळी, 2016 साली नोंदलेली. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर दगडांखाली राहणारी एक निराळ्याच गटातली, आपल्या घरातल्या पालीची नात्यातली, 2008 साली नोंदलेली, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. ती मोजक्याच ठिकाणी सापडते.

असं का? कारण हे जीव फार लांब जात नाहीत. दोन डोंगरांच्या मधली तापलेली, कोरडी खोरी त्यांना समुद्रासारखी. लाखो वर्षं या डोंगरावरची पाल त्या डोंगरावरच्या पालीला भेटलीच नाही, आणि होता होता दोघी वेगळ्या झाल्या. म्हणजे त्यांचं कूळ, त्यांचा गोत, सगळं त्या एका डोंगरात. तो दगड उचलून दुसरीकडे टाकला, ते गवत जाळलं, तर त्यांना जायला दुसरा डोंगर नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवणं हे मारण्याच्या यादीत का आहे, ते मला त्या दगडावर बसून समजलं. काही जीवांचा प्राण त्यांच्या जागेतच असतो.

दुकानात वर्षाअखेरीला स्टॉक मोजतात तेव्हा मागच्या फळीवर कधी कधी विसरलेला माल निघतो. तो सापडला तर आनंद होतो. पण मोजणीआधीच गोदाम साफ करून टाकलं तर काय गेलं हेसुद्धा कळत नाही. सह्याद्रीचं तसंच चाललं आहे. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणं आहेत. ती राखली जातील अशी आशा आहे. बाकीच्या पठारांवर रस्ते होतात, घरं होतात, चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. पवनचक्की वाईट असं मी म्हणत नाही. वीज आपल्यालाही लागते, आमच्या बालाघाटावरही त्या फिरताना दिसतात. पण खड्डा घेण्याआधी तिथे कोण राहतं हे पाहून घ्यावं, एवढी जतना मागायला काय हरकत आहे? आपले साधू-साध्वी बसण्याआधी रजोहरणाने जागा पुंजून घेतात. हे तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आमचा बालाघाट सह्याद्रीसारखा हिरवा नाही. पण दगड तोच, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पत्थर. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कपिलधारला जाल तेव्हा दगडांच्या कपारी नीट पाहा. अंबाजोगाईच्या हत्तीखान्याच्या लेण्यात मी दगडाच्याच रंगाच्या मोठ्या पाली पाहिल्या आहेत. दर्शनाला, सहलीला गेल्यावर पोरं दगड उलटवतात. त्यांना एवढंच शिकवा, उलटवू नका. आणि उलटवलाच तर खालचा जीव बाजूला होऊ देऊन दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेवा. त्या दगडाखालची ओल म्हणजे कुणाचं तरी घर असतं.

एक प्रश्न आमच्या स्वाध्याय मंडळात नेहमी निघतो. पाल किडे खाते. तिला वाचवलं तर त्या किड्यांच्या हिंसेचा वाटा आपल्याकडे येतो का? यावर आपल्याकडे जुने मतभेद आहेत आणि ते सोडवणं माझ्यासारखीचं काम नाही. मी आपली तीन करणांनी मोजते: करणं, करवणं आणि अनुमोदन देणं. पालीची भूक मी निर्माण केलेली नाही. पण दिवा मी लावते. अंगणातला पांढरा लखलखीत दिवा रात्रभर जळत ठेवला तर शेकडो किडे तिथे जमतात, काही तापून मरतात, काही पालीच्या तोंडी जातात. हा जमाव कुणी बोलावला? मी. तेव्हा पालीला दोष देण्याआधी बटण बंद करावं, हे मला पटतं. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर स्वयंपाकघरात उजेडाची गरजच काय?

आमच्या घरात आता काय करतो ते सांगते, ज्यांना उपयोग होईल त्यांनी करा. खिडक्यांना बारीक जाळी बसवली आणि सिंकखालच्या पाइपभोवतीची फट बुजवली. बुजवण्याआधी बॅटरी लावून आत कुणी नाही ना, हे पाहिलं. पालीची अंडी छोट्या पांढऱ्या गोळ्यांसारखी, बहुधा दोन असतात; ती दिसली तर पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती फट तशीच ठेवायची. दिवेलागणीला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. बाहेरचा दिवा मंद पिवळा, आणि कामापुरताच. दूध, कणीक, उकळलेलं पाणी कायम झाकलेलं. ओट्यावर अन्नाचा कण नाही, म्हणजे झुरळं नाहीत, आणि झुरळं नाहीत म्हणजे पालीला आत यायचं कारण नाही. अंड्याची टरफलं टांगतात ते आपल्याला चालणारंच नाही. तरीही पाल आत आली तर दिवा मालवून बाहेरचा दिवा थोडा वेळ लावते. ती आपणहून निघते. अगदीच धरावी लागली तर रुंद डबा आणि खाली पुठ्ठा, आणि सोडायची ती आमच्याच घराच्या बाहेरच्या भिंतीवर. माळावर नाही.

सूनबाईंची भीती गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही पाल दिसली की त्या खुर्चीवर पाय घेतात. पण परवा नातवाने विचारलं, "दादी, पाल चावते का गं?" तर मी बोलायच्या आत त्याच उत्तरल्या, "नाही रे. ती तिच्या घरी चालली आहे. तू सरक जरा."

पर्युषण आता जवळ आलं आहे. संवत्सरीला चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागताना त्यात दाजीपूरच्या पानाखालचीही एक आहे, हे या वर्षी मला ठाऊक असेल.

मिच्छा मि दुक्कडम्.